अडलं की पहिल्यापासून

त्या रविवारी क्लासला सुट्टी दिली, तेव्हाच गल्लीतल्या लोकांनी ओळखलं की घरात काहीतरी बिनसलंय. मास्तर गेले त्या दिवशीसुद्धा संध्याकाळची बॅच झाली होती. थोरलीने, मास्तरांच्या बायकोनेच, घ्यायला लावली होती. "पोरांची परीक्षा तोंडावर आलीये, रडायला आपल्याला उभा जन्म पडलाय," असं म्हणून तिने मोठ्या मुलाला फळ्यासमोर उभं केलं होतं, आणि तो बिचारा डोळे पुसत पुसत शिकवत राहिला होता.

आणि आज दाराला आतून कडी. फळा पुसलेला. घरातली मोठी माणसं पोरांच्या बाकांवर अवघडून बसलेली, गुडघे पोटाशी आलेले. एकटी थोरली तेवढी ऐसपैस होती, खिडकीपाशी, हातांच्या जुन्या लाकडी खुर्चीत. मांडीवर शर्ट, बोटात शिवताना घालायचं धातूचं अंगुस्तान. बटण लावायचं काम तिने काढलं होतं खरं, पण सुईत दोरा ओवायचं अजून तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ती खुर्ची म्हणजे ह्या घरातली कचेरी. मास्तरांनी शिकवायचं आणि थोरलीने ऐकायचं, अशी वाटणी झाल्याला आता जमाना लोटला. थोरली शाळेत गेली ती अक्षरओळखीपुरती. पुढे तिला कोणी पाठवलं नाही. पण कान असा, की एकदा आत गेलेलं बाहेर पडायचं नाही. लग्नानंतर ती दाराआड शिवत बसे आणि आतून मास्तरांचा आवाज येई. तशी पुस्तकंच्या पुस्तकं तिच्यात उतरली. एकदा एका मुलाने धडा म्हणताना मधलं एक वाक्य गाळलं, मास्तरांच्या ध्यानात आलं नाही, आणि दाराआडून हिने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मास्तर हसले नाहीत. ते उठले, स्वतःची खुर्ची उचलली आणि तिच्यासाठी खिडकीपाशी आणून ठेवली.

तेव्हापासूनचा रिवाज. घरी जायच्या आधी प्रत्येक मुलाने खुर्चीसमोर यायचं, तोंड भिंतीकडे करायचं आणि दिवसाचा धडा घडाघडा म्हणायचा. थोरलीचे डोळे शिवणावर. कोणी अडखळला की अंगुस्तान खुर्चीच्या हातावर आपटायचं. टक. त्या आवाजाचा अर्थ एकच: पुन्हा पहिल्या वाक्यापासून. शेवटच्या ओळीत अडलास तरी पहिल्यापासून. त्यावर अपील नाही. डॉक्टर झालेले, दुकानदार झालेले, परदेशी गेलेले जुने विद्यार्थी आजही रस्त्यात भेटले की आधी तिचा हात बघतात, अंगुस्तान आहे का म्हणून.

आणि अशा घरातली मुलगी नापास झाली होती.

धाकट्या मुलाची लेक ती. लहानपणी पायाला जरा म्हणून विसावा नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आता पंधरा वर्षांची होती आणि शेवटच्या बाकावर अशी बसली होती की त्या नावाची आठवणही येऊ नये. शाळेच्या सराव परीक्षेत तिने अर्धा पेपर कोराच ठेवला होता. मुख्य बाईंनी आईबापांना बोलावून सांगितलं, सोमवारी पुन्हा घेतो. ह्यातही असंच झालं तर यंदा मोठ्या परीक्षेला बसवता येणार नाही. आणि त्या दिवसापासून भिंगरी एकच वाक्य बोलत होती: मला परीक्षेला बसायचंच नाही.

"मी समोरच्या क्लासमध्ये बोलून आलेय," धाकटी सून म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, रात्रपाळी करून तशीच आली होती, आणि थकलेलं माणूस बोलतं तसं आडपडदा न ठेवता बोलली. "आज दुपारपासून घेऊन या म्हणालेत."

मोठा मुलगा, आता क्लास चालवणारा, फळ्याला पाठ लावून उभा होता. तो बसला नव्हता. ह्या खोलीत बसायची त्याला सवयच नव्हती. "समोर," तो म्हणाला. "काचेचं दार आहे तिथे? बाहेर पोरांचे फोटो लावतात तिथे?"

"हो भाऊजी, तिथेच."

"म्हणजे सरांची सख्खी पुतणी सरांच्या नाकासमोरून रस्ता ओलांडून शिकायला जाणार."

"त्याचं काय एवढं," थोरली म्हणाली. "आपण पाटी उतरवून घेऊ. दाराला पडदा लावू. मी खुर्ची रस्त्यावर टाकून बसेन, जाता येता तिला हात करीन."

धाकट्याने मान खाली घातली. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळायची त्याला सवय होती, पण आई आणि बायको ह्यांच्या मध्ये त्याला अजून जमत नसे. "आई, तिचा काही क्लासवर राग नाही," तो म्हणाला. "पोरीचं काय करायचं एवढंच विचारतोय आम्ही."

"विचारत नाहीये, सांगतेय," त्याची बायको म्हणाली.

"ऐकलंस?" थोरली मोठ्याकडे वळली. "सांगतेय म्हणे. बरं झालं बाई, सांगितलंस. नाहीतर आम्हाला काचेच्या दारातूनच कळलं असतं."

मोठ्याला आईची साथ मिळाली तसा त्याचा आवाज चढला. मुलगी अभ्यासच करत नाही, तो म्हणाला. मोबाईल हातातून सुटत नाही. घरात तिला दटावायला कोणी नाही, आई रात्री बाहेर, बाप दिवसभर बाहेर, मग दोष कोणाचा तर क्लासचा.

"मोबाईल तिने स्वतः कपाटात ठेवलाय, कधीचाच," धाकटी सून म्हणाली. "मी पहाटे येते तेव्हा ती पाठ करत असते, भाऊजी. जेवताना पाठ करते. परवा झोपेत पाठ करत होती. अभ्यास करत नाही म्हणू नका. तेवढं मी ऐकून घेणार नाही."

"मग कोरा पेपर कशाला आला?"

"तेच तर विचारतेय मी. तुम्ही शिकवता ना."

मोठी सून दाराशी स्टुलावर बसली होती, हातात रिकाम्या कपांचा ट्रे. ती एकेकाळी ह्याच क्लासची विद्यार्थिनी, पहिल्या बाकावरची. थोरलीने तिला आधी ऐकली आणि मग सून करून घेतली. एवढ्या संसारात तिने सासूचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. तिचं मत घरात धरूनच चालत.

थोरलीने शर्ट बाजूला ठेवला. "पोरीला येत नाही असं कोण म्हणतं? मी ऐकते ना रोज. माझ्यापुढे ती अडखळल्याला वर्ष झालं असेल. येतं तिला सगळं. तिकडे जाऊन घाबरते, एवढंच. घाबरण्यावर समोरच्यांकडे काय औषध आहे, काचेचं दार?" आणि मग, सगळ्यांच्या तोंडावर मारावं तसं, "ऊठ गं भिंगरी. ये इकडे. तो रक्ताचा धडा म्हण."

भिंगरी उठली. नेमक्या जागी येऊन तिने तोंड भिंतीकडे केलं. तिथला रंग पिढ्यान्पिढ्यांच्या श्वासाने उडाला होता. आणि तिने म्हणायला सुरुवात केली. हृदय हा स्नायूंचा बनलेला अवयव इथपासून जी निघाली ती कुठे थांबली नाही. चार कप्पे, झडपा, धमन्या, शिरा, सगळं एका सुरात, एका चालीत. थोरली डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि धाकट्या सुनेकडे पाहिलं.

"बघा," मोठा म्हणाला.

धाकटी सून बाकावरून उठली. रागाने नाही. पेशंटजवळ जावं तशी ती मुलीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "छान म्हटलंस," ती म्हणाली. "आता मला एवढंच सांग. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त हृदयाच्या कुठल्या कप्प्यात येतं?"

भिंगरीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. बोटं फ्रॉकच्या कडेवर चालल्यासारखी सरकत होती. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरला, तरी ओठ हलतच होते.

"काय करतेय ती?" धाकट्याने हळूच विचारलं.

"पहिल्यापासून येतेय."

हे मोठी सून बोलली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं, तशी ती ट्रे सावरून बसली, पण थांबली नाही. "हृदय हा स्नायूंचा बनलेला अवयव पासून. आता कुठे झडपांपाशी आली असेल. थोडं थांबा."

खरोखरच थांबावं लागलं. मग भिंगरी म्हणाली, "डावं अलिंद." उत्तर बरोबर होतं. पण बरोबर आल्याचं कोणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"हे तुला कसं कळलं?" मोठ्याने बायकोला विचारलं. आवाजात धार होती.

"माझंही तसंच होतं," ती म्हणाली. "परवा तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ह्यांची दुपारची गोळी कुठली. मी सकाळच्यापासून म्हणत आले. ते म्हणाले, बाई, दुपारची विचारली. मी म्हटलं, तिथेच येतेय."

धाकटा हसला. मग कोणीच हसत नाहीये हे बघून तोही गप्प झाला.

"म्हणजे तूही समोरच्यांचीच वकिली करणार," मोठा म्हणाला.

"मी कशाला करू? ह्या खुर्चीसमोर उभी राहून मी ह्या घरात आले. मला दुसरं घर आहे का बाजू घ्यायला?" तिने ट्रे जमिनीवर ठेवला. "मी पास झाले तेव्हा पेपरात धड्यामागचे प्रश्न जसेच्या तसे यायचे. आता तसं विचारत नाहीत. आता कुठूनही विचारतात. एवढंच मला म्हणायचंय."

थोरलीचा हात खुर्चीच्या हातावर होता. एरवी अशा वेळी तिची जीभ सुईपेक्षा लवकर चालली असती. मोठ्या सुनेने, ह्या सुनेने, चारचौघांत तोंड उघडावं हे तिला आत कुठेतरी सलत होतं. पण त्याहून एक भलतीच गोष्ट तिच्या आत चालली होती. धाकट्या सुनेने प्रश्न विचारला तेव्हा तिलाही वाटलं होतं, हे काय, मी सांगेन. आणि उत्तर आलंच नव्हतं. आला तो धडा, पहिल्या वाक्यापासून, मास्तरांच्या आवाजात. तीही पोरीच्या मागोमाग मनात म्हणत निघाली होती, आणि भिंगरी पोचली तरी ती अजून वाटेतच होती.

एवढी पुस्तकं तिच्यात होती. रिळाला दोरा गुंडाळावा तशी. टोक धरून ओढलं की सगळा दोरा सुळसुळ बाहेर. मधूनच कोणी मागितला तर काय द्यायचं? आणि खरं म्हणजे अलिंद म्हणजे नेमकं काय हे तिने कधी विचारलंच नव्हतं. कप्प्यांची ही नावं, अलिंद आणि निलय, तिला कायम दोन सख्ख्या भावांची वाटत आली होती, एक शांत आणि एक जरा तापट.

"भिंगरे," ती म्हणाली, "भिंतीकडे काय बघतेस. इकडे वळ. त्या दिवशी पेपरात काय झालं?"

भिंगरी वळली. आजीकडे न बघता तिच्या हाताकडे बघून ती बोलायला लागली. "प्रश्न मधलेच असतात, आजी. मी प्रत्येक प्रश्नाला पहिल्यापासून निघते. पोचेपर्यंत वेळ जातो. आणि मध्ये एखादा शब्द आठवला नाही की..."

"की काय?"

"की टक ऐकू येते."

"कोण वाजवतं तिथे?"

"कोणीच नाही. तरी येते. मग मी परत पहिल्यापासून. शेवटी शेवटी मी नुसतीच बसून होते. लिहिलं की अडणार, अडलं की आवाज येणार. म्हणून मला परीक्षेला नाही बसायचं."

"एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तुला सांगायला," भिंगरी म्हणाली, "तुझ्यापुढे उभं राहावं लागतं ना."

धाकटा खिडकीबाहेर बघत होता. मग तो, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "माणूस चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये अडकला तर मी चौथ्या मजल्यावर जातो, आई. त्याला खाली आणून, बाबा आता पुन्हा पहिल्यापासून चढ, असं नाही सांगत."

"तुला कोणी विचारलं?" थोरली म्हणाली, पण सवयीने. त्यात जोर नव्हता.

मोठा पुढे आला. "आई, हे असं ऐकून घेऊ नकोस. बाबांची पद्धत आहे ही. एवढी पोरं पार झाली तिच्यावर. एकीसाठी मोडायची? उद्या बाहेर कळलं तर कोण येईल आपल्याकडे?" त्याचं तोंड पडलं होतं. थोरलीला एकदम तो लहान दिसला. तोही ह्याच भिंतीसमोर उभा राहिलेला होता, आणि त्याला तिने बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा पहिल्यापासून म्हणायला लावलं होतं, घरचा म्हणून.

"तुझ्या बाबांची नाही ती," ती म्हणाली. "माझी आहे. माझी आहे म्हणून मोडायचा हक्कही माझाच. तू फळ्याचं बघ, तो तुझा." मग ती धाकट्या सुनेकडे वळली. "आणि तू. समोर न्यायचं की नाही ते मागाहून भांडू. उद्याचा सोमवार काही आपल्या भांडणासाठी थांबत नाही. तू कशी शिकलीस ते तुझं नर्सिंग?"

धाकटी सून क्षणभर गोंधळली. सासूने तिला आजवर पुष्कळ काही ऐकवलं होतं, विचारलं मात्र क्वचितच. "आम्ही दोघी मैत्रिणी होतो," ती म्हणाली. "पुस्तक मिटून ठेवायचो आणि एकमेकींना विचारायचो. कुठूनही. ती पेशंट व्हायची, म्हणायची, छातीत दुखतंय, आता सांग. चुकलं की पुस्तक उघडायचं, चुकलेलं तेवढंच बघायचं, पुन्हा मिटायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवात चुकलेल्यापासून. आणि जे आपल्या शब्दांत सांगता येत नाही ते आलंच नाही असं धरायचं."

"चुकलं तर शिक्षा काय?"

"शिक्षा कसली, आई. चुकलेलं कळलं, बरंच झालं."

थोरलीने हे थोडा वेळ तोंडात घोळवलं. ते तिला अजिबात आवडलं नाही. पण आवडनिवड बघत बसायची ही वेळ नव्हती, एवढं तिला कळत होतं. तिने खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि ती उठली. गुडघा वाजला. मोठा हात द्यायला धावला, तिने तो झटकला.

"भिंगरे, बस इथे."

"कुठे?"

"खुर्चीत. दुसरी कुठली दिसतेय तुला?"

त्या खुर्चीत मास्तर आणि थोरली ह्यांच्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. भिंगरी कडेवर टेकल्यासारखी बसली. थोरलीने बोटातलं अंगुस्तान काढलं. ते सहज निघालं नाही, बोटाला वळ पडला होता. तिने ते नातीच्या बोटात घातलं. ते सैल होतं.

मग ती स्वतः भिंतीसमोरच्या जागी जाऊन उभी राहिली आणि सवयीच्या माणसासारखं तिने तोंड भिंतीकडे केलं.

"इकडे बघ, आजी," भिंगरी म्हणाली.

थोरली वळली. पोरांचं काय होत असेल ते तिला तिथे उभं राहून कळलं. हात कुठे ठेवायचे तेच समजत नव्हतं. "विचार," ती म्हणाली. "मधलं विचार. आणि सोपं विचारू नकोस, मला राग येईल."

भिंगरीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. "डाव्या निलयातून रक्त कुठे जातं?"

थोरलीच्या ओठांवर पहिलं वाक्य आलंच. हृदय हा स्नायूंचा. तिने दात ओठांवर दाबले आणि ते परत ढकललं. मोठी सून स्टुलावरून पुढे झुकली होती. धाकट्या सुनेने स्वतःचा तळवा छातीवर ठेवून बाहेरच्या बाजूला हलवला.

"बाहेर," थोरली म्हणाली. "बाहेर जातं. सगळ्या अंगात."

"कशातून?"

"नळीतून."

"नाव काय त्या नळीचं?"

नाव होतं. धड्यात होतं, मास्तरांच्या आवाजात होतं, कुठल्या वाक्यानंतर येतं तेही तिला ठाऊक होतं. फक्त तिथवर चालत जावं लागलं असतं. ती उभी राहिली. भिंगरीचं बोट खुर्चीच्या हातावरून वर उचललं गेलं. अंगुस्तान उजेडात चमकलं आणि खोलीतल्या प्रत्येकाची मान, नकळत, जराशी आखडली.

बोट खाली आलं. सावकाश, आवाज न होता.

"आठवत नाही," थोरली म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून ह्या खोलीत कोणी ऐकले नव्हते.

"महाधमनी," भिंगरी म्हणाली. मग तिने जरा घाबरत विचारलं, "पहिल्यापासून म्हणणार आहेस?"

"पहिल्यापासून कोणाला वेळ आहे. उद्या तुझा पेपर आहे."

भिंगरी आजीकडे बघत राहिली. बोटातलं सैल अंगुस्तान तिने अंगठ्याने घट्ट धरलं.

"हो," ती म्हणाली. "आहे." आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसत तिने पुढचा प्रश्न विचारला, मधलाच.